‘आधी कन्फर्म होऊ दे, मग झोपेन’

प्रश्न: वय २८. धायरीला आई-वडिलांसोबत राहते. पाच वर्षं सातारा रस्त्यावरच्या पंधरा जणांच्या ऑफिसात होते, दीड महिन्यापूर्वी हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत लागले. पगार चांगला वाढला. सकाळी आठला स्कूटरवर निघते, सव्वानऊला पोचते. रात्री साडेआठच्या आधी टीममधलं कुणी उठत नाही, म्हणून मीही बसते. पावणेदहाला घरी, जेवून पुन्हा लॅपटॉप, झोपायला एक वाजतो. डोकं जवळजवळ रोज दुखतं, आठवड्यात चार-पाच दिवस गोळी घ्यावी लागते. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, कारण सगळे ज्या नावांनी बोलतात ती नावंच मला कळत नाहीत. जुन्या ऑफिसात लोक मला विचारायला यायचे. बाबा ३२ वर्षं भोसरीच्या कारखान्यात होते, ते म्हणतात सुरुवातीला घासावंच लागतं. मलाही ते पटतं. प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. तेवढं रेटून नेते, कन्फर्म झाले की झोप, खाणं, व्यायाम सगळं मार्गी लावीन. पण परवा सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डोळा लागला. जुने साहेब म्हणतात, कधीही परत ये. रेटू की परत जाऊ?

उत्तर:

पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, सिग्नलचं. म्हणून आधी तेच. उभ्या गाडीवर लागणारा डोळा चालत्या गाडीवरही लागतो, आणि तुमचा रस्ता वडगाव पुलापासून वाकडपर्यंत बायपासच्या ट्रकांमधून जातो. झोपेपुढे जिद्द चालत नाही. गार वारं, गाणी, च्युइंगगम यांनी चार-दोन मिनिटं निभतात, बस. तेव्हा सलग आठवडाभर रोज सात तास झोप होत नाही तोवर स्कूटर घरी ठेवा. कंपनीची बस असेल तर ती, नाहीतर त्याच वाटेवरून जाणाऱ्या कुणाची गाडी, तेही नाही जमलं तर पीएमपीची सिटी बस. वेळ जास्त जाईल, पण त्या वेळात डोळे मिटता येतील. पुढे कधी गाडीवर जांभया सुरू झाल्या किंवा मागचा किलोमीटरभर रस्ता कसा गेला ते आठवेना, तर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबा. कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफी चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते.

आता ‘कन्फर्म झाले की’ याविषयी. नव्या नोकरीत हे जवळपास प्रत्येक जण मनाशी म्हणतो, आणि ते जमल्याचं क्वचितच दिसतं. एक तर ती तारीख येते तेव्हा टीममध्ये काही ना काही पेटलेलंच असतं: रिलीज, क्लायंटची भेट, नाहीतर अप्रेझल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही जेवढं काम उपसता, तेवढी तुमची क्षमता असं मॅनेजर धरून चालतो आणि पुढचं काम त्याच मापानं वाटतो. तुम्ही ते सव्वाअकरा तास बसून केलं, वर घरी दीड तास घातला, हे त्याच्या हिशेबात कुठेच नसतं. मग सहा महिन्यांनी तुम्ही संध्याकाळी सातला उठायला लागलात, की तेच लोक म्हणणार, कन्फर्म झाली आणि ढिली पडली. वेळेवर उठायची सवय सुरुवातीलाच लावली तर कुणाच्या फारशी लक्षातही येत नाही. तुमचा दीडच महिना झालाय. अजून उशीर झालेला नाही.

बाबांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांच्या कामाला भोंगा होता. पाळी सुटली की सुटली, आणि जादा तास भरले तर कारखान्याच्या कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं पैसे. लेथ कुणी बॅगेत घालून घरी आणत नव्हतं आणि जेवणानंतर बारापर्यंत चालवत नव्हतं. तुमचं घासणं त्यांच्यापेक्षा लांब आहे, आणि त्याचा शेवट कुणी वाजवून सांगत नाही. हे त्यांना याच शब्दांत सांगून बघा. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पटायला हरकत नाही.

पुढचा प्रश्न: प्रोबेशनमध्ये नक्की काय तपासतात? तुम्ही गृहीत धरलंय की बसायचे तास. असेलही, पण विचारलंय का कुणाला? आधी नेमणूकपत्र काढून तीन गोष्टी बघा. प्रोबेशन वाढवता येतं का. सहा महिन्यांनी आपोआप कन्फर्म होता की लेखी पत्र मिळाल्यावरच. आणि या काळात नोटीस किती दिवसांची. मग मॅनेजरची वीस मिनिटं मागा. मंगळवार ते गुरुवारमधला सकाळचा वेळ बघा, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचं चित्त सुटीत असतं. विचारायचं असं: “तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी कोणती कामं एकटीनं करायला हवीत? आत्तापर्यंत काय ठीक चाललंय, काय कमी पडतंय? अडले तर आधी कुणाकडे जाऊ?” ‘माझं कसं चाललंय’ असा मोघम प्रश्न टाळा, त्याला ‘छान, कीप इट अप’ एवढंच उत्तर मिळतं. बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: आपण असं असं ठरवलं. सहा महिन्यांनी तपासायची वेळ आली की हीच मेल उपयोगी पडते. मॅनेजर बदलला तर फारच, आणि मोठ्या कंपनीत तो बदलतोच.

साडेआठपर्यंत बसण्याचं कोडं मात्र नीट बघायला हवं, कारण त्यात हिंजवडीचा स्वतःचा वाटा आहे. संध्याकाळी सहा ते आठ शिवाजी चौकातून आणि वाकडच्या पुलाखालून बाहेर पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. उशिरापर्यंत बसलेल्यांतले कितीतरी जण फक्त रस्ता मोकळा व्हायची वाट बघत असतात. काही जण आलेलेच साडेअकराला असतात. काहींचा अमेरिकेतला क्लायंट तेव्हा जागा होतो. एक आठवडा नुसतं टिपा: कोण किती वाजता आलं, सातनंतर कोण खरंच काम करतंय आणि कोण क्रिकेट बघतंय. मग ठरवा. शक्य असेल तर घरून सातला निघा, आठच्या सुमाराला पोचा आणि साडेपाचला, कोंडी होण्याआधी, बाहेर पडा. ते जमत नसेल आणि रस्त्यासाठी थांबावंच लागत असेल, तर साडेसहाला लॅपटॉप बंद करून तो तास आपल्यासाठी वापरा. कॅम्पसमध्ये चाला, जिम असेल तर तिथे जा, मैत्रिणीला फोन करा. खुर्चीत बसून केलेली वाट बघणी कामाच्या तासांतच मोजली जाते, इतरांकडून आणि तुमच्या मेंदूकडूनही.

उठायची रीत असते. साडेचारला टीमच्या ग्रुपवर दोन ओळी: हे झालं, हे राहिलं, उद्या साडेदहापर्यंत देते. ऑफिसातून उठताना “जाऊ का?” विचारायचं नाही, “निघते, उद्या भेटू” म्हणायचं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी “काय, हाफ डे?” म्हणेलच. हसून “हो, सकाळचा हाफ तुम्ही मिस केलात” म्हणायचं आणि चालू पडायचं. हा विनोद एकाच माणसावर दोनदा करू नका. प्रत्यक्ष मॅनेजरनंच थांबायला सांगितलं तर थांबा, पण कशासाठी आणि किती वाजेपर्यंत ते विचारून. महिन्यात दोन-चार वेळा असं होणं हा कामाचा भाग आहे. रोज होत असेल तर अंदाज चुकलेत, आणि ते वर सांगायची गोष्ट आहे.

मीटिंगमध्ये नावं कळत नाहीत, यावरून तुम्ही स्वतःला कमी समजताय. जुन्या ऑफिसात लोक तुमच्याकडे यायचे त्याचं निम्मं कारण तुमचं कौशल्य, आणि निम्मं म्हणजे पाच वर्षांत कुठली फाइल कुठे, कुठल्या क्लायंटला काय चालत नाही हे तुम्हाला पाठ होतं. कौशल्य सोबत आलंय. पाठांतर तिथेच राहिलं, ते इथे नव्यानं करायचंय आणि त्याला वेळ लागतो. पद्धत सोपी आहे. एक वही किंवा साधी शीट घ्या, तीन रकाने: ऐकलेलं नाव, आपला अंदाज, खरा अर्थ. मीटिंगमध्ये फक्त पहिले दोन भरायचे. अडलेल्या गोष्टीवर स्वतः वीस-तीस मिनिटं घालवायची, त्याहून जास्त नाही. मग प्रश्न साठवून दिवसातून दोनदा विचारायचे, साधारण साडेअकराला आणि चारला; दर दहा मिनिटांनी पाठीवर टकटक केली की चांगली माणसंही वैतागतात. विचारताना काय करून पाहिलं ते आधी सांगायचं: “मी हे आणि हे तपासलं, इथे अडले.” तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायची वेळ आली तर समजा, वहीत उत्तर लिहायचं राहिलंय. दोन महिन्यांनी ही शीट नीट करून टीमला देऊन टाका. पुढच्या नव्या माणसाला ती लागेल, आणि आजवर कुणी केलेली नसण्याचीच शक्यता जास्त.

डबा टेबलावर एकटीनं खाता का? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण सगळा सूर पाहता तसंच असणार. आठवड्यातून दोनदा तरी पँट्रीत कुणासोबत जेवा. ‘अमुक परवानगी कुणाकडून घ्यायची’ किंवा ‘त्या मेलला घाबरायचं नसतं’ ही माहिती ट्रेनिंगमध्ये मिळत नाही, भेंडीच्या भाजीवर मिळते.

डोकेदुखीकडे येऊ. पहिला संशय झोपेवर. दुसरा खुद्द गोळ्यांवर. दुखणं थांबवायच्या गोळ्या आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस, महिनोन् महिने घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. तुमचं चार-पाच दिवसांवर गेलंय, म्हणजे आता औषधाच्या दुकानातून नाही, फॅमिली डॉक्टरांना दाखवून पुढचं. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कधी सुरू झालं, कुठे दुखलं, आदल्या रात्रीची झोप, गोळी कुठली. एकदम, कधी नव्हे इतकं प्रचंड डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, बोलताना जीभ जड झाली किंवा हातापायातली ताकद गेली, तर नोंदी राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

बाकी कारणं घरगुती आहेत, पण एकेक करून तपासायची. हेल्मेट: काढल्यावर कपाळावर लाल वळ दहा मिनिटांनीही दिसत असेल तर आतलं माप लहान आहे. रोज अडीच तास ते डोक्यावर असतं. चष्मा: नंबर तपासून वर्ष उलटलं असेल तर तपासा. लॅपटॉप: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी, नाहीतर मान दिवसभर वाकलेली राहते. स्टँड मिळेपर्यंत ए-फोर कागदाची दोन रिमं खाली ठेवली की दहा सेंटिमीटर उंची मिळते. फक्त तेव्हा वेगळा कीबोर्ड आणि माउस हवाच. तो न घेता लॅपटॉप उंच केला की मान सुटते आणि खांदे धरतात, मग लोक म्हणतात असल्या युक्त्यांनी काही होत नाही. आयटीकडे मागणी टाका, बहुतेक ठिकाणी देतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायचं, म्हणजे खिडकीबाहेर. फोनकडे बघणं त्यात धरत नाहीत. एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर जागा बदलून मागा, संकोच नको. आणि पाण्याची लिटरची बाटली: जेवणापर्यंत एक, निघेपर्यंत दुसरी.

झोप लावताना सगळ्यांची एक चूक होते. एकदम दहाला आडवं व्हायचं ठरवतात, दीड तास छताकडे बघतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. उठायची वेळ आधी पक्की करा, साडेसहा तर साडेसहा. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. साडेअकरावर यायला साधारण अठरा दिवस लागतील. रविवारी अकरापर्यंत लोळलात तर रविवारी रात्री झोप येणार नाही आणि सोमवार पुन्हा पाच तासांवर निघेल. सुटीच्या दिवशी तासभर जास्त, त्यापुढे नाही. मशीनची कॉफी फुकट आहे म्हणून संध्याकाळी सहाला घेतली जाते. पाच तासांनी, अकरा वाजता, त्यातलं सुमारे निम्मं कॅफीन अजून अंगात असतं. शेवटचा कप दुपारी अडीचचा. पाचनंतर चहाची तल्लफ आली तर अर्धाच प्या.

रात्री सव्वादहाला पोटभर पोळी-भाजी-भात हेही झोपेच्या आड येतं. आईंना सांगा, डब्यासोबत दुसरा छोटा डबा हवा: फुटाणे-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं अंडं चालत असेल तर ते, नाहीतर केळं. हे ऑफिसातून निघण्यापूर्वी खायचं. मग रात्री मुगाची खिचडी किंवा अर्धी भाकरी नि ताक पुरतं. आणि जेवणानंतरचा लॅपटॉप? तो दोन आठवडे ऑफिसच्या बॅगेतच, चेन लावून, दुसऱ्या खोलीत. खरंच काही राहिलं तर सकाळी पहिल्या अर्ध्या तासात करा. रात्री दीड तासात होतं ते ताज्या डोक्यानं फार लवकर होतं, शिवाय दिवसभर शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

कागदपत्रांचं थोडक्यात. कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-वडिलांची नावं घालायची मुदत बऱ्याच ठिकाणी रुजू झाल्यापासून महिनाभराचीच असते. तुमची उलटली असण्याची शक्यता आहे, आजच एचआरला विचारा. जुना पीएफ त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, आणून घ्या. आर्थिक वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीच्या पगाराची माहिती ठरलेल्या फॉर्मवर नव्या कंपनीला द्या, नाहीतर कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम अंगावर येतो.

वाकडला कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन, राहायला जावं का, हाही विचार डोक्यात येत असेल. वेळ वाचेल हे खरं, पण डिपॉझिट, खानावळीचं जेवण आणि रात्री बोलायला घरचं कुणी नसणं हेही त्यासोबत येतं. शिवाय ऑफिस दहा मिनिटांवर आलं की तिथेच दहा वाजतात, असंही होतं. आधी ऑफिसातून उठायची वेळ सुधारा. तीन महिन्यांनी प्रवास खुपतच असेल तर मग खोली बघा.

परत जाण्याचं. सहाव्या आठवड्यात नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे, कारण आत्ताचा त्रास नोकरीचा किती आणि साडेपाच तासांच्या झोपेचा किती हे वेगळं करता येत नाही. पण ‘बघू’ म्हणून सोडूही नका. कॅलेंडरवर चौथा महिना संपायची तारीख लिहा आणि तोवर रोज एक ओळ: किती झोपले, किती वाजता निघाले, आज नवीन काय कळलं. झोप ताळ्यावर येऊन दीड-दोन महिने झाल्यावरही ‘आज नवीन काय कळलं’ यापुढे काही पडत नसेल, तर परत जाणं हा विचार करून घेतलेला निर्णय ठरेल आणि त्यात हार नाही. साहेबांना आज “इथे स्थिरावतेय, तुमचा शब्द लक्षात ठेवते” एवढं कळवून ठेवा, दार उघडं राहील.

काही ठिकाणी मात्र चौथ्या महिन्याची वाट बघायची नसते. सगळ्यांसमोर शिवीगाळ, आजारपणातली रजाही नाकारणं, मध्यरात्री उत्तर दिलं नाही म्हणून नोकरीची धमकी, खोट्या नोंदी करायला लावणं. हा नवखेपणाचा त्रास नव्हे. लैंगिक छळ असेल तर दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची, प्रोबेशनवर असलात तरी. आणि कामाचा ताण बाजूला ठेवूनही सलग दोन आठवडे दिवसातला बराच वेळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, सकाळी ऑफिसच्या नुसत्या विचारानं छातीत धडधडत असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. बऱ्याच कंपन्यांत बाहेरच्या संस्थेमार्फत मोफत समुपदेशन असतं, एचआरच्या पोर्टलवर शोधा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी फोन करा आणि घरात कुणाला तरी उठवा.

हे वाचणाऱ्यांत रात्रपाळीवर नव्यानं लागलेलेही असतील. त्यांनी वरची घड्याळं उलटी करायची: शेवटची कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्यात, जड जेवण पाळी सुरू होण्यापूर्वी, आणि घरी झोपायच्या खोलीत जाड पडदा. दोन दिवसांच्या सुटीत पूर्ण दिवसाच्या वेळापत्रकावर उडी मारू नका, झोप अर्धी तरी सकाळकडे राहू द्या. पहाटे स्वतःची दुचाकी चालवत घरी जाऊ नका, कंपनीची कॅब घ्या. महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामावर ठेवायचं तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकानं करायची असते. “चौकात सोडतो” म्हणणाऱ्या ड्रायव्हरबद्दल त्याच दिवशी ट्रान्सपोर्ट डेस्कला लेखी कळवा, गाडीचा नंबर आणि वेळ टाकून.